मचूळ

पहाटे, चर्चची घंटा व्हायच्या आत, मी खड्ड्यात उतरते.
सात पायऱ्या होत्या. खालच्या दोन आता पाण्यात आहेत.
पुलाकाच्या मुळाशी बोट बुडवते आणि जिभेवर ठेवते.
आईने दिलेली एवढीच विद्या:
गोडं असेल तर गप्प वर ये,
खारं असेल तर बापाला हाक मार,
आणि मचूळ असेल तर, पोरी,
तर उद्या पुन्हा चाख.

गेली तीन वर्षं मी उद्या पुन्हा चाखते आहे.

सोमवारी व्हिसाच्या सोडतीत माझी चिठ्ठी निघाली.
शेजारच्या सेपोलाने फोनवर आकडा वाचून दाखवला,
एकदा तसाच, मग चष्मा लावून पुन्हा,
आणि मला मिठी मारून माझ्यापेक्षा जास्त रडली.
तिची निघाली नव्हती.

ब्रिस्बेनहून सेलूचा निरोप: काकू, ही देवाचीच वाट, ये.
आदल्या दिवशीच पाळक पेनितला म्हणाले होते,
ढगात धनुष्य ठेवून त्याने शब्द दिलाय,
पुन्हा प्रलय नाही. पळेल तो त्या शब्दावर थुंकेल.
आणि दुकानातल्या वायोलीला स्वप्न पडलं:
वेदी पाण्यावर तरंगत होती, वेदीवर एक कुत्रं, कोरडं.
अर्थ विचारला तर म्हणाला, स्वप्न माझं, अर्थ तुमचा.

सगळ्यांच्या तोंडी देवच आहे.
मी एकेकाचं बोलणं जिभेवर ठेवून बघते.
सेलूच्या बोलण्यात माया आहे, आणि तळाशी
रिकाम्या खोलीचं भाडं.
पाळकांच्या बोलण्यात विश्वास आहे, आणि तळाशी
रिकाम्या बाकांची भीती.

त्यांचं काय घेऊन बसलेय.
काल रात्री धावपट्टीवर चटई टाकून पडले होते,
उकाड्यात सगळी वस्ती तिथेच पडते,
आणि हळूच म्हणून बघितलं:
मी ताउआतीच्या कबरीसाठी थांबते आहे.
खारं लागलं.
खरं तर मला तिथल्या दुकानात
त्यांच्या भाषेत सुटे पैसे मोजायची लाज वाटते.
एवढंसं. एवढ्याशा लाजेवर मी
नवऱ्याची कबर रचून ठेवली होती.

हसू आलं. बाजूला सेपोलाने कूस बदलली.

आजीला म्हणे आवाज यायचा:
आज होडीत बसू नको, त्या खाडीत जाळं टाकू नको.
मला कधी आला नाही.
मला एवढंच कळतं की भीतीला घाई असते.
रात्री दोनला उठवून म्हणते, आत्ताच्या आत्ता सही कर,
किंवा आत्ताच्या आत्ता कागद फाड.
तिला दोन्ही चालतं.
आणि दुसरं जे काही आहे, नाव घ्यायला मी धजत नाही,
त्याला घाई नसते.
ते माझ्याबरोबर पायऱ्या उतरतं,
बोट बुडेपर्यंत थांबतं.
जाऊ का राहू विचारलं तर बोलत नाही,
हाताशी असलेलं काम दाखवतं:
सेपोलाच्या डुकराला खोबरं टाक.
वाळका पाला खड्ड्यात लोट.
कबरीवर खेकडा चढलाय, हाकल.

अठ्ठावीस दिवसांत उत्तर कळवायचं. आज अकरावा.
सोबत काय आणणार, असा एक रकाना आहे.
खाली बारीक अक्षरात: माती, रोप, बी चालणार नाही.
तो मी कोरा ठेवलाय.

आज पाणी मचूळच. पण कालपेक्षा किंचित गोडं,
का मला हवंय म्हणून तसं लागतंय?
प्रभू, जीभही माझीच आहे. तिचं काय करू?

घंटा झाली.
करवंटीत थोडं पाणी घेऊन मी वर येते,
कुंपणापलीकडे सेपोला केस विंचरते आहे.
हे बघ गं, म्हणते, तुला कसं लागतं.
ती फणी केसांतच ठेवते, एक घोट तोंडात घेते,
थुंकत नाही,
आणि बराच वेळ काहीच बोलत नाही.